स्विफ्टचे शॉकअप आणि स्प्रिंगा : दिवाळी ते शिमगा

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार. किमी १,१८,४१२

काल रात्री गुहागरहून पुण्याला परतलो. गाडीत पाच माणसं. जाताना डिकीत फराळाचे डबे होते, येताना त्यांच्या जागी अठरा नारळ, तांदळाचं अर्धं पोतं आणि आत्याने दिलेली कोकमाची बरणी. कुंभार्ली चढेपर्यंत ठीक होतं. कोयनानगर सोडलं आणि मागची बाजू तळाला लागायला सुरुवात झाली. पहिले सात-आठ दणके मोजले, पाटणला मोजणं सोडून दिलं. उंब्रजला चहाला थांबलो तेव्हा बाबा खाली उतरलेच नाहीत. "माझा इथेच आण," एवढंच म्हणाले. त्यांच्या कमरेची कहाणी घरात सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे कोणी काही बोललं नाही.

म्हणून आजपासून ही वही. मागच्या वेळी गॅरेजवाल्याने सांगितलं ते बदललं, पैसे दिले आणि काय बदललं ते विसरलो. यावेळी तसं करायचं नाही.

गाडी २००८ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल, १.३ लिटर. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबावर. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा, तिथे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. पुढचे शॉकअप ७० हजारांच्या सुमारास बदललेत. मागचे शॉकअप आणि चारही स्प्रिंगा जन्मापासूनच्या.

तक्रारी तीन. भरलेली गाडी मागून तळाला लागते. रिकामी असताना खराब रस्त्यावर पुढून कडक वाटते, प्रत्येक खडा हातात येतो. आणि हायवेवर पुलाचे जोड ओलांडले की नाक एकदा जास्त डुलतं. आधी तळाला लागते म्हणजे मऊ, मग कडक वाटते म्हणजे कडक. एकच गाडी एकाच वेळी दोन्ही कशी, हे कोडं पहिलं सोडवायचं.

१० नोव्हेंबर, रविवार

आज फक्त मोजमाप. पार्किंगमध्ये सपाट जागा शोधायलाच अर्धा तास गेला.

उंची जमिनीपासून मोजायची नाही, कारण त्यात टायरची झीज आणि हवा दोन्ही घुसतात. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायची. पुढे डावीकडे ३४९ मिमी, उजवीकडे ३५२. मागे डावीकडे ३४१, उजवीकडे ३५३. मागच्या दोन बाजूंत १२ मिमीचा फरक! ड्रायव्हर उजवीकडे बसतो, तेव्हा नुसत्या वापराने स्प्रिंग बसली, म्हणजे कायमची दबली असती, तर उजवी आधी बसली असती. इथे उलटं आहे. मागे डावीकडे काहीतरी वेगळंच झालंय.

मग बॉनेटच्या कोपऱ्यावर भार देऊन गाडी दाबली आणि सोडली. उजवीकडे वर येऊन जागेवर थांबली. डावीकडे तीन झोके खाल्ले. मोबाइलवर व्हिडिओ काढला होता, तीन झोक्यांना सव्वादोन सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला साधारण १.३ झोके. शॉकअप मेल्याचा एवढाच फायदा, स्प्रिंगची मूळ चाल उघडी पडते. हा आकडा पुढे लागेल. मात्र ही दाबून बघायची परीक्षा फक्त पार मेलेला शॉकअप पकडते. अर्धमेला शॉकअप हाताच्या जोराला बरोबर थांबतो आणि रस्त्यावर नापास होतो, त्यामुळे उजवा पास झाला असं मी लिहून ठेवत नाही.

शेवटी हवा बघितली. चारही टायरांत ३८. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरपेक्षा आठ पौंड जास्त. दिवाळीला निघताना पंपावर मीच "लांब जायचंय, जरा जास्त भर" म्हणालो होतो. स्टिकरप्रमाणे केली, सोसायटीच्या बाहेर एक चक्कर मारली, आणि तीनपैकी दुसरी तक्रार निम्मी विरघळली. म्हणजे एवढे दिवस मी टायरचा कडकपणा स्प्रिंगच्या नावावर टाकत होतो.

१३ नोव्हेंबर, बुधवार

सोसायटीच्या फाटकासमोरचा स्पीडब्रेकर मोजला. वॉचमन बघत होता, त्याला वाटलं महापालिकेचा माणूस आलाय. उंची १३ सेमी, रुंदी जेमतेम ६० सेमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मानकात गोल उंचवटा १० सेमी उंच, ३.७ मीटर रुंद, १७ मीटर त्रिज्येचा, ताशी २५ किमीने ओलांडता येईल असा सांगितलाय. आमच्या फाटकासमोरचा ताशी पाचने ओलांडला तरी आतलं सामान जागा बदलतं. स्प्रिंगा कितीही चांगल्या घ्या, याच्यावर त्यांचं काही चालणार नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

वारज्याच्या मिस्त्रींकडे गाडी वर घेतली. हे मिस्त्री कमी बोलतात आणि बोलतात ते आधी हात लावून मग. मागचं डावं चाक काढलं, बॅटरी मारली, बोट आत घातलं आणि म्हणाले, "दादा, हे बघा."

स्प्रिंगचं खालचं टोक तुटलेलं. साधारण पाव वेटोळं. तुटका तुकडा खालच्या रबराच्या बैठकीत तसाच पडून होता, गंजाने फुगलेला. उरलेली स्प्रिंग एक पायरी खाली उतरून बसली होती. १२ मिमीचं कोडं सुटलं. सगळ्यात खालच्या वेटोळ्यात चिखल आणि पाणी साठतं, रंग घासून निघतो, गंज धरतो आणि मग तिथूनच तडा जातो. आमची गाडी वर्षातून महिनाभर समुद्रापासून दोनशे मीटरवर उभी असते, तेव्हा खाऱ्या हवेलाही तिचा वाटा द्यायला हवा.

मागचं बंप रबर, म्हणजे चाक पार वर आलं की शेवटी ज्याच्यावर टेकतं ते, बोटाने दाबल्यावर भाकरीसारखं चुरलं. दणक्याचं हे दुसरं कारण. स्प्रिंग संपल्यावर रबर हळूहळू दाबत न्यायला हवं, इथे रबरच नाही, म्हणून लोखंडावर लोखंड.

पुढचा डावा शॉकअप तेलाने ओला. नुसता धुळीचा दमट थर असता तर चाललं असतं, सीलमधून थोडी वाफ सगळ्यांचीच येते. हा ओघळ थेट खालपर्यंत आलेला. मिस्त्रींनी धुळीचं रबर वर सरकवलं आणि चकचकीत रॉडवर वरच्या अंगाला बोट ठेवलं. पाइपपान्याच्या दातांचे चार ओरखडे.

"मागच्या वेळी कोणी लावले?"

मी गॅरेजचं नाव सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. वरचा नट आवळताना रॉड फिरायला लागतो. रॉडच्या टोकाला तो धरून ठेवायची सोय असते, तिथे धरायचा. घाई असलेला माणूस रॉडलाच पाना लावतो. ओरखडे वरच्या बाजूला, त्यामुळे एरवी सीलपर्यंत पोचत नाहीत. गाडी भरून तळाला गेली की मात्र तोच भाग सीलमधून आत जातो आणि दर वेळी कानशीसारखा रबर खरवडतो. म्हणजे मागची स्प्रिंग तुटलेली, गाडी तळाला जाणारी, आणि हा ओरखडा. सगळ्यांनी मिळून एकमेकांना संपवलं.

उजवा पुढचा कोरडा आहे. तरी शॉकअप आणि स्प्रिंगा जोडीनेच बदलायच्या, यावर मिस्त्री ठाम. एका बाजूला नवा, दुसऱ्या बाजूला ५० हजारांचा असला की ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगावर जाते.

२४ नोव्हेंबर, रविवार. काय घ्यायचं?

आठवडाभर रात्री हेच वाचतोय. बायको म्हणाली, घर घेताना एवढं वाचलं नव्हतंस.

पहिलं स्वतःसाठी लिहून ठेवतो, कारण दुकानात गेल्यावर गोंधळ होतो. वजन स्प्रिंग पेलते. शॉकअप वजन पेलत नाही, तो फक्त हालचाल थांबवतो. भरलेली गाडी खाली बसते हा स्प्रिंगचा प्रश्न. खड्ड्यानंतर डुलत राहते हा शॉकअपचा. शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे धक्का खाणारा, हे नावच फसवं आहे. धक्का खातात स्प्रिंग आणि टायर. शॉकअप त्या खाल्लेल्या धक्क्याची तेलात उष्णता करून टाकतो. एकाचं दुखणं दुसऱ्याच्या खर्चाने बरं करायला गेलं की घोटाळा होतो, आणि बाजारातले बरेचसे उपाय याच घोटाळ्यावर चालतात.

उदाहरणार्थ स्प्रिंगच्या वेटोळ्यांत घालायचे रबरी बफर. शेजारच्या काकांनी लावलेत, खूश आहेत. तो बफर एक वेटोळं जाम करतो. स्प्रिंगची ताठरता चालू, म्हणजे खरोखर दबणाऱ्या, वेटोळ्यांच्या संख्येच्या उलट प्रमाणात असते. पाचाची चार झाली की ताठरता पाव पटीने वाढली. गाडी वर येते, भरल्यावर टेकत नाही, हे खरं. पण ताठर झालेली स्प्रिंग परत उसळते तेव्हा तिला धरायला तोच जुना शॉकअप, मूळ स्प्रिंगसाठी केलेला. शिवाय उरलेल्या चार वेटोळ्यांवर ताण जास्त. आमच्या स्प्रिंगचं एक टोक आधीच तुटलंय. नको.

मेहुण्याचं मत वेगळं. "दाजी, लावायचंच आहे तर आयबाखच्या लोअरिंग स्प्रिंगा लावा आणि बिलस्टीन बी ८." तो यातला जाणकार आहे आणि बी ८ का म्हणतो तेही बरोबर आहे. लोअरिंग म्हणजे गाडी खाली आणणाऱ्या बुटक्या स्प्रिंगवर मूळ लांबीचा शॉकअप लावला तर त्याची निम्मी चाल आधीच संपलेली असते, म्हणून बी ८ हा शॉकअप मुद्दाम आखूड केलेला. मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी बी ६. दोन्ही मोनोट्यूब, म्हणजे एकच नळी, तेल आणि जास्त दाबाचा नायट्रोजन यांच्यामध्ये सरकता पिस्टन. नळी थेट हवेत, त्यामुळे उष्णता लवकर बाहेर पडते आणि तेलाला फेस येत नाही. बिलस्टीनने हे तंत्र १९५७ मध्ये मर्सिडीजला दिलं, तेव्हापासूनचा त्यांचा हात आहे. पण लोअरिंग स्प्रिंग गाडी सहसा ३० मिमीच्या आसपास खाली आणते. माझी गाडी भरल्यावर तळाला लागते. मी तिला आणखी ३० मिमी तळाजवळ नेऊ? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा, म्हणजे गाडीत परवानगीशिवाय बदल करण्याचा मुद्दा वेगळाच. मेहुण्याला नुसतं "बाबांना विचारून सांगतो" म्हणालो. तो समजला.

मग उरलं ट्विन ट्यूब. दोन नळ्या एकात एक, आतल्या नळीत पिस्टन, बाहेरच्या नळीत जास्तीचं तेल आणि वर कमी दाबाचा गॅस. मूळ गाडीत हेच असतं. उष्णता जरा उशिरा जाते, पण मी ताम्हिणीत शर्यत लावत नाही. उलट एक फायदा आहे. बाहेरच्या नळीला दगड लागून पोचा आला तरी आतला पिस्टन सुखरूप चालतो. मोनोट्यूबमध्ये पिस्टन त्याच नळीत फिरतो, पोचा आला की संपलं. आमच्या रस्त्यांना हे महत्त्वाचं. यात केवायबी, मन्रो, गॅब्रिएल असे पर्याय. गॅब्रिएलचा एक कारखाना इथे चाकणलाच. किमतीत फार फरक नाही. गॅब्रिएल ठरवले, कारण मिस्त्रींना त्यांचं हातवळण आहे आणि पुढे कधी एकच हवा झाला तरी नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत त्याच दिवशी मिळेल.

स्प्रिंगा? जास्त ताठर घ्यायचा मोह होतो. वर्षातून सहा वेळा पाच माणसं आणि सामान. बाकी तीनशे दिवस मी एकटा आणि लॅपटॉपची बॅग. सहा दिवसांसाठी तीनशे दिवस कडक गाडी चालवायची का? मूळ स्प्रिंग नवी असताना हीच गाडी २०१० मध्ये याच पाच माणसांना घेऊन कुंभार्ली उतरत होती, आणि तेव्हा बाबा उंब्रजला खाली उतरून मिसळ खात होते. सोळा वर्षांत स्प्रिंग बसली आणि एक तुटली. तेव्हा कंपनीच्याच मूळ स्प्रिंगा, चारही. बंप रबरं नवी. पुढच्या स्ट्रटचे वरचे माउंट आणि बेअरिंग नवी, कारण ती मजुरी परत द्यायची नाही.

१ डिसेंबर, रविवार

काल शनिवारी नाना पेठ. चार शॉकअप, चार स्प्रिंगा, माउंट, बेअरिंग, रबरं, धुळीची रबरं. सगळे मिळून साडेसोळा हजारांच्या आत बसलं. दुकानदार काका मोबाइलवर बोलता बोलताच "स्विफ्टची पुढची ना? ही घ्या," म्हणाले. मी घेतली. या वाक्याला खूण करून ठेवतो.

८ डिसेंबर, रविवार. मागची बाजू

मागचं काम सोपं. बीमला जॅकचा आधार देऊन शॉकअपचे बोल्ट काढले, बीम खाली सोडला, स्प्रिंग हाताने निघाली. नवी बसवताना तिचं टोक बैठकीतल्या पायरीला टेकलंच पाहिजे, नाहीतर भार आला की फिरून बसते आणि कडकड वाजते.

मिस्त्रींनी नवा शॉकअप खोक्यातून काढून थेट लावला नाही. उभा धरला, रॉड हळू पूर्ण दाबला, हळू वर येऊ दिला. असं पाच-सहा वेळा. दुकानात महिनोन्‌महिने आडवा पडलेला असतो, आतल्या नळीत हवेचे बुडबुडे शिरलेले असतात. पहिल्या दोन दाबांना मध्येच एक पोकळ ठिकाण हाताला लागलं, नंतर गेलं. मलाही करून बघू दिलं. दाबताना सहज जातो, ओढताना दम लागतो. उलट दिशेने हिसका जास्त धरायचा असतो, कारण दाबलेल्या स्प्रिंगमध्ये साठलेली ताकद तिथेच सुटते. जुना शॉकअप ओढला तर सायकलच्या पंपासारखा आला.

एक गोष्ट मला माहीत नव्हती. रबरी बुशातून, म्हणजे सांध्यातल्या रबरी नळीतून, जाणारे बोल्ट गाडी हवेत असताना पक्के आवळायचे नाहीत. चाक लोंबकळत असताना आवळलं तर बुश त्या अवस्थेत पकडला जातो आणि गाडी जमिनीवर आली की कायम पिळलेला राहतो. मग तो वर्षभरात फाटतो, आणि तोवर गाडीही उगाच ताठ उभी राहते. मिस्त्रींनी बोल्ट नुसते टेकवले, चाकं लावली, गाडी खाली घेतली, डिकीत दोघांना बसवून हलवली आणि मग खाली आडवं होऊन आवळले. मी फरशीवर पुठ्ठा टाकून बघत होतो.

मागची उंची आता दोन्हीकडे ३७२. जुन्या स्प्रिंगा घरी आणल्या, बाल्कनीत ठेवल्या. बायको, "आणि ह्या कशाला?"

१५ डिसेंबर, रविवार. पुढची बाजू, आणि घोळ

पुढचं काम जपून करायचं. स्ट्रटवरची स्प्रिंग दाबलेली असते, वरचा नट सोडण्याआधी स्प्रिंग दाबायच्या कॉम्प्रेसरच्या दोन आकड्यांनी तिला आणखी आवळून धरावं लागतं. आकडे समोरासमोर नसले तर ती वाकते आणि सुटते. मिस्त्रींनी मला त्या वेळी तीन पावलं मागे उभं केलं. "चहा सांगून या," म्हणाले.

दुपारी गाडी खाली उतरली आणि मला लांबूनच विचित्र दिसली. नाक वर. मोजलं. डावीकडे ३८४, उजवीकडे ३८५. बसलेली स्प्रिंग बदलून दहा-बारा मिमी वाढ धरली होती. ही ३५ आणि ३३.

"बसेल दादा, नवी आहे," मिस्त्री म्हणाले, पण तेही परत परत बघत होते. पौड रोडवर चक्कर मारली. उड्डाणपुलाच्या जोडांवर गाडी पुढे-मागे डुलायला लागली, लाकडी घोड्यासारखी. आधी हे नव्हतं.

घरी येऊन जुनी स्प्रिंग बाल्कनीत घेऊन बसलो. ब्लेडने एका ठिकाणचा रंग खरवडून व्हर्नियर लावला. सळई १२.० मिमी. मग पार्किंगमध्ये जाऊन चाक वळवून आत हात घातला आणि नवीची मोजली, रंग सोडून. १२.५. रंगाचे ठिपकेही वेगळे, जुन्यावर आणि नव्यावर. स्प्रिंगवरचे ते ठिपके शोभेचे नसतात, कोणती स्प्रिंग कोणत्या गाडीची ते त्यावरून ओळखतात. पावती बघितली, पार्ट नंबर शोधला. डिझेलची स्प्रिंग. डिझेल स्विफ्टचं इंजिन जड, पुढे भार जास्त, म्हणून तिची पुढची स्प्रिंग वेगळी.

अर्धा मिलिमीटर म्हणजे काही नाही असं वाटतं. हिशेब केला तर गंमत आहे. स्प्रिंगची ताठरता सळईच्या जाडीच्या चौथ्या घातावर चालते. पोलादाचा कर्तन गुणांक, म्हणजे पिळाला ते किती विरोध करतं तो आकडा, ७९,००० न्यूटन प्रति चौरस मिमी धरला, वेटोळ्याचा मध्य व्यास १३५ मिमी, चालू वेटोळी सव्वाचार. जुनी येते १९.६ न्यूटन प्रति मिमी, म्हणजे साधारण दोन किलोला एक मिमी. नवी २३.१. अर्ध्या मिलिमीटरने अठरा टक्के.

एका पुढच्या चाकावर, चाक-ब्रेकचं वजन वजा करून, अंदाजे २७५ किलो. जुनी स्प्रिंग त्याखाली १३८ मिमी दबेल, ही ११७. फरक २१. त्यात बसलेल्या स्प्रिंगचे बारा मिळवा. ३३! इतकं जुळेल असं वाटलं नव्हतं.

आणि घोडा का झाला तेही. स्ट्रट तिरका असल्याने चाकाशी ताठरता थोडी कमी धरली, १८ न्यूटन, तर मूळ चाल येते सेकंदाला १.३ झोके. नोव्हेंबरात व्हिडिओवर मोजलेले तेवढेच! डिझेलच्या स्प्रिंगने ते होतात १.४. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेल्या मॉरिस ऑली नावाच्या इंजिनिअरने १९३० च्या दशकात हे शोधून ठेवलंय. उंचवटा पुढच्या चाकाला आधी लागतो, मागच्याला नंतर. मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी जलद हलणारी ठेवली तर ती पुढच्याला गाठते आणि गाडी सपाट वर-खाली होते. पुढची बाजूच जलद केली की दोघींचा ताल कधीच जुळत नाही. मी नेमकं तेच केलं होतं, पैसे देऊन.

रात्री एक वाजता हे सगळं बायकोला सांगितलं. ती झोपेत म्हणाली, "म्हणजे परत द्यायची ना?"

२२ डिसेंबर, रविवार

लावलेला माल परत घेत नाही, ही पाटी दुकानात होतीच. काकांनी पावती बघितली, स्प्रिंगवरचा टॅग बघितला, थोडा वेळ छताकडे बघितलं आणि तीनशे रुपये कापून बदलून दिली. "पेट्रोल सांगायचं ना तुम्ही." बरोबर. मी सांगायला हवं होतं, त्यांनी विचारायला हवं होतं. मिस्त्रींनी दुसऱ्यांदाच्या मजुरीचे निम्मे घेतले.

उंची डावीकडे ३६३, उजवीकडे ३६४. घोडा गेला.

५ जानेवारी २०२५, रविवार

सहाशे किलोमीटर झाले. पुढे ३५९ आणि ३६०, मागे ३६८ दोन्हीकडे. तीन-चार मिमी बसली, अपेक्षेप्रमाणे. व्हील अलाइनमेंट मुद्दाम आज केलं. बसवल्या दिवशी केलं असतं तर या चार मिलिमीटरने टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली ते, पुन्हा हललं असतं. स्ट्रटचे खालचे दोन बोल्ट सोडले की कॅम्बरही, म्हणजे चाकाचा उभा कल, थोडं इकडे-तिकडे होतं, तेही बघून घेतलं.

२ फेब्रुवारी, रविवार. कणकेची चाचणी

शिमग्याला जाण्याआधी भरलेल्या गाडीची परीक्षा हवी. खरी पाच माणसं चाचणीला तयार नाहीत. वीस लिटरचे पाण्याचे जार आणले, म्हणजे प्रत्येकी वीस किलो. मागच्या सीटवर सहा, डिकीत तीन. मागे १८० किलो, पुढे मी आणि मेहुणा.

बंप रबरापर्यंत चाक किती जातं हे चालत्या गाडीत दिसत नाही. आईकडून कणकेचा गोळा मागून घेतला. "पोळ्यांना लागेल तेवढी ठेव," म्हणाली. रबराच्या टोकाला दोन्ही बाजूंना लिंबाएवढी कणीक चिकटवली. टेकलं तर चपटी होईल.

पिरंगुटचा घाट, पुढे पौडपर्यंत, परत. वाटेतला एकही स्पीडब्रेकर सोडला नाही. एकदाही दणका नाही. परत येऊन बघितलं. डावीकडची कणीक अर्धी चपटी, उजवीकडची थोडी जास्त. म्हणजे रबर टेकलं, पण हळूच, जसं टेकायला हवं तसं. मेहुणा खाली वाकून बघत होता. "बी ६ असता तर एवढीही चपटी झाली नसती." असेल. तो कणकेचा फोटो मात्र त्यानेच काढला.

१६ मार्च, रविवार. किमी १,२१,०३७

शिमगा करून आलो. तीच पाच माणसं, येताना नारळ सोळा. मागच्या टायरांत स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी सांगितलेली हवा, पुढे नेहमीची. कोयनानगर ते पाटण मागून दोनदा मऊ टेकल्याचं जाणवलं, आवाज नाही. उंब्रजला बाबा उतरले, चहा घेतला, आणि गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "स्टेअरिंग जड केलंस का रे?" केलेलं नाही. अलाइनमेंटनंतर सरळ चालते म्हणून तसं वाटत असेल. त्यांच्या हातात दहा मिनिटं दिली, तेव्हा काही बोलले नाहीत.

बाकी काम : मागून उजवीकडे सकाळी थंड असताना बुश कुरकुरतो, मिस्त्रींना दाखवायचा. टायर पावसाळ्याआधी बदलायचे, आकार तोच, १६५/८० आर १४.

जुन्या स्प्रिंगा बायकोने बाल्कनीतून काढायला लावल्या होत्या, त्या डिकीत घालून गुहागरला नेल्या. काका म्हणाले, यातून कोयता होईल. पालखीच्या दुसऱ्या दिवशी लोहाराकडे घेऊन गेले. त्याने तुटकी स्प्रिंग हातात घेतली, ऐरणीवर वाजवून बघितली. पोलाद चांगलंय म्हणाला, पण ट्रकचा पाटा असता तर बरं होतं, पाटा मुळात चपटा असतो. ही गोल सळई आधी सरळ करा, मग चपटी करा, कोळसा दुप्पट जाणार. दोन कोयत्यांचे सातशे सांगितले. काका साडेपाचशेवर अडून बसलेत.